सात ओळींचा फळा

मी पंचवटीतल्या एका बोळातला फळा बोलतोय. अंगाने लहान, स्वभावाने फटकळ. माझ्यावर सात ओळी मावतात. आठवी लिहायला गेलात तर खडू भिंतीला लागतो.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या दारातून झाला. एक्क्याण्णव साली जयराम घड्याळवाल्याने ते दार कापलं, काळा रंग दिला आणि दुकानाबाहेर टांगलं. रोज सकाळी तो माझ्यावर स्वतः रचलेली गोष्ट लिहायचा. सुरुवातीला नुसतं पाल्हाळ! बारीक अक्षरात अठरा-अठरा ओळी कोंबायचा. मी गुदमरून जायचो.

त्याला वळण लावलं सखुबाईने. साक्षरता वर्गात नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेली ही भाजीवाली, मेथीची टोपली डोक्यावर तशीच ठेवून माझ्यासमोर उभी राहायची आणि मोठ्याने वाचायची.

"जयरामभाऊ, मान मोडली माझी. लय लिहितो रे तू. टोपली डोक्यावर हाय तवर संपव की!"

जयराम चिडला. पण दुसऱ्या दिवशी त्याने गोष्टीच्या सुरुवातीचा सूर्योदय पुसला, मग शेवटचा उपदेश पुसला. सात ओळी उरल्या आणि तेवढ्यात सखुबाई कधी खुदकन हसायची, कधी पदर डोळ्यांना लावायची. घड्याळं उघडून बसलेला जयराम एकेका शब्दासाठी दिवसभर झुरायचा. दहा वर्षं माझ्या जन्माचं सोनं झालं.

मग दृष्ट लागली. गल्लीतल्या मंडळाने जयरामचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि भेट म्हणून भिंतभर फळा! "एवढ्याशा जागेत तुमची प्रतिभा मावत नाही," अध्यक्ष म्हणाले. जयरामला ते खरं वाटलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला शिडी लागत नाही. माझी रवानगी दुकानातल्या पाण्याच्या पिंपावर झाली, झाकण म्हणून.

तिथून मला सगळं दिसायचं. साठ-साठ ओळी! सूर्योदय परत आला, उपदेश परत आला. सखुबाई दोन दिवस थांबली, तिसऱ्या दिवशी अर्ध्यातच निघाली.

"मावशी, वाचलं नाही?" जयरामने हाक मारली.

"वाचलं असतं रे. पण टोपली उतरवली तर परत चढवून कोण देईल?"

पुढे तिने तो बोळच सोडला. दुसरं काही ती वाचत नव्हती, म्हणजे तिचं वाचनही सुटलं असणार. जयराम मात्र म्हणायचा, लोकांना गोडीच राहिली नाही. मला रडू यायचं. हळूहळू त्या भिंतभर फळ्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स लागले.

गेल्या आठवड्यात त्याने मला उचललं, फडक्याने पुसलं, खडू घेतला. माझा जीव हरखला. सात ओळी भरल्या, तरी गोष्टीतली बाई अजून घराबाहेरसुद्धा पडली नव्हती. जयरामने खडू खाली ठेवला.

"फळा फारच लहान आहे," एवढंच म्हणाला.

अरे, पूस आणि पुन्हा लिही, असं ओरडावंसं वाटलं. त्याने मला गोष्टीच्या बाजूने पालथं करून पिंपावर ठेवलं. ओलाव्याने ओळी एकेक करून विरघळतायत. बाबांनो, कुणाचं कौतुक करायचंच असेल तर शाल द्या, नारळ द्या. भिंत तेवढी देऊ नका.