आप्पासाहेबांचा डबा गेटवरच

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि मला राग येतो. हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वयाच्या सायकली आपली कहाणी सांगताना गळा काढतात, ‘आम्हाला जपा हो’ म्हणून विनवतात. मला रडता येत नाही. मला कुरकुरता येतं आणि डूख धरता येतो.

माझे सुटे भाग कुठून आले, मला ठाऊक नाही. मला जोडलं ते भवानी पेठेतल्या एका दुकानात आणि विकत घेतलं रंगरावांनी. तेव्हा ते मार्केट यार्डात हमाल होते. पोती उचलून उचलून त्यांची कंबर गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या, “पुरे झाली आता पाठीवरची ओझी. मी रांधते, तुम्ही पोचवा.” जब्बारमिस्त्रींनी माझ्या कॅरिअरवर लोखंडी चौकट बसवून दिली, दोन्ही बाजूंना आकडे लावले आणि मी डब्यांची सायकल झाले.

काय दिवस होते ते! सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकून उभी असायचे. आत फोडणी तडतडायची आणि माझ्या सीटवर तिचा वास बसायचा. कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीत आमचे सगळ्यांत जास्त डबे जात. तिथे बहुतेक म्हातारी माणसं. मुलं परदेशात, घरं मोठी आणि गॅसपाशी उभं राहायचं त्राण नाही. काही फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी शिकणारी पोरंही होती. रंगराव गेटपाशी आले की माझी घंटी दोनदा वाजवायचे. ती ऐकली की वर ताटं घेतली जात. रंगरावांनी कधी वरण सांडलं नाही, कधी कुणाचा डबा उघडून पाहिला नाही. लोक म्हणायचे, “रंगराव, तुमच्या सायकलीवर घड्याळ लावावं.” मला आपलं बरं वाटायचं.

या सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब. सगळ्यांत वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. त्यांना मधुमेह आहे. जेवणाआधी थोडा वेळ इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची आणि मग जेवायचं, असा त्यांचा नेम. सुई घेतली आणि जेवण मिळालं नाही, तर रक्तातली साखर एकदम उतरते आणि माणूस कोसळतो. आप्पासाहेबांनी सुईची वेळ माझ्या घंटीला बांधून टाकली होती. खाली घंटी वाजली की सुई घ्यायची. रंगराव खालच्या मजल्यांवरचे डबे देत देत वर पोचेपर्यंत त्यांची जेवायची वेळ झालेली असायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता माझ्या रागाकडे वळते.

आप्पासाहेबांनी नवी पांढरी गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात ती वळवताना त्यांनी गेटच्या खांबाला घासली. मी समोरच उभी होते. चर्रर्र असा आवाज आला, ते उतरले, ओरखड्यावरून बोट फिरवलं, इकडेतिकडे पाहिलं. त्यांना कुणी दिसलं नाही. मी दिसले, पण सायकलीला कोण विचारतो? संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं, डबेवाल्याच्या सायकलीने चेअरमनसाहेबांच्या गाडीवर ओरखडा काढला!

रविवारी सभेत त्यांनी रंगरावांना उभं केलं. “रंगराव, कबूल करा आणि विषय संपवा. आम्ही काही खाणार नाही तुम्हाला.”

“साहेब, माझी सायकल भिंतीला होती.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

ज्यांना हा माणूस रोज गरम भाकरी पोचवतो, ती सगळी माणसं खाली मान घालून बसली होती. रंगरावांना बायकोची चूल दिसली असणार. या सोसायटीचे डबे गेले तर ती थंड पडली असती. त्यांनी हात जोडले. “चुकलं साहेब,” म्हणाले.

मी बाहेर उभी राहून ते ऐकलं. अहो, ज्याने आयुष्यात पोत्यातला एक दाणा इकडचा तिकडे केला नाही, त्या माणसाने न केलेल्या गोष्टीसाठी हात जोडले! त्या दिवशी मी ठरवलं, आप्पासाहेब, तुम्हाला सोडणार नाही.

पण ते तेवढ्यावर थांबले असते तर पुण्याचे कसले? दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली : ‘येथे सायकल लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. नंतर तक्रार करू नये.’ बाहेर रस्त्यावर जागा नव्हती. रंगराव मला गेटच्या आत अगदी कडेला लावायचे आणि आप्पासाहेब स्वतः येऊन, वाकून, माझ्या व्हॉल्व्हची टोपी काढून हवा सोडायचे. त्या वयात, त्या पोटाने वाकायचं म्हणजे बघा किती हौस! रंगरावांचा नंबरही त्यांनी फोनवर ब्लॉक केला. माणूस नको, सायकल नको, पण सुशीलाबाईंच्या हातची भाजी मात्र हवी. डबा काही बंद केला नाही.

हवा गेलेली सायकल ढकलत रंगराव पुढच्या घरांना पोचायचे तेव्हा डबे निवलेले असायचे. दुखरी कंबर आणखी धरली. एकेक गिऱ्हाईक सुटायला लागलं. एका दुपारी त्यांनी सुशीलाबाईंना सांगितलं, “खराडीला एका आयटी पार्कात वॉचमन पाहिजे म्हणतात. जातो मी. सायकल भंगारात देऊन टाकू.”

सुशीलाबाई पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. “आणि मी काय करू? रिकाम्या ओट्याकडे बघत बसू?”

“मग काय करू, तूच सांग!”

त्यांनी पुन्हा लाटणं फिरवायला घेतलं. मी खिडकीबाहेर होते. भंगार हा शब्द मी पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकला. माझ्या अंगावरचा सगळा गंज जळजळला.

आणि मग अक्षय्य तृतीया आली. सुशीलाबाईंनी सगळ्यांच्या डब्यांत आमरस भरला. एकट्या आप्पासाहेबांच्या डब्यात नाही. त्यांना ज्वारीची भाकरी, भेंडी आणि ताक. तिकडे आप्पासाहेबांनीही मुहूर्त साधला होता. मुहूर्त चांगला म्हणून त्यांनी त्याच दिवशी सोसायटीत नवी पद्धत सुरू केली. बाहेरचा कुणीही आला की वॉचमनने मोबाइलवर फ्लॅटला निरोप धाडायचा. फ्लॅटमधून होकार आला तरच त्याला आत सोडायचं. जुना इंटरकॉम त्यांनी आदल्याच दिवशी उखडून टाकला होता. पाटीही लावली : ‘कोणाच्याही बाबतीत अपवाद करू नये.’

रंगरावांनी सवयीने घंटी दोनदा वाजवली. वॉचमन गेनबा आडवा आला.

“थांबा रंगराव. मोबाइलवर होकार येऊ द्या.”

“अरे, मी काय आज आलोय?”

“साहेबांचा नियम हाय. मागच्या वॉचमनला असंच काढलं. माझ्या पोटावर पाय नका देऊ.”

आता बघा गंमत. म्हाताऱ्यांना ते मोबाइलचं तंत्र येईना, पोरं कॉलेजात. कुणाचाच होकार येईना. आप्पासाहेबांचाही नाही. त्यांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आणि ते बाहेर टेबलापाशी. घंटी ऐकली होती, म्हणजे सुई टोचून झाली होती. ताट घेऊन, दार उघडं ठेवून ते डब्याची वाट पाहत बसले होते. डबा खाली माझ्या आकड्याला.

रंगरावांच्या ध्यानात आलं. “गेनबा, त्यांनी सुई घेतली असणार रे! जेवण नाही गेलं तर पडतील.” त्यांनी स्वतः फोन लावून पाहिला. ब्लॉक! गेनबाने खालून हाका मारल्या. घंटीचा आवाज वर चढतो, माणसाची हाक वरच्या मजल्यावर कुठे ऐकू जाणार?

मित्रांनो, खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बसा म्हटलं, आप्पासाहेब! तुमचाच नियम, तुमचीच पाटी, तुमचंच गेट. मी काही केलं नाही, नुसती उभी होते. इतकं गोड ऊन मी कधी खाल्लं नव्हतं.

पण रंगराव ते रंगराव. त्यांनी गेनबाला बाजूला सारलं आणि माझ्यावर टांग मारली. आत लांब रस्ता होता, लिफ्ट पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी पायडल दाबलं आणि मी चेन पाडली.

हो, पाडली. मुद्दाम. विचारलंत तर पुन्हाही पाडीन.

“तुझ्या आयला!” ते म्हणाले. मला एवढी शिवी त्यांनी कधी दिली नव्हती. मला तिथेच आडवी टाकून त्यांनी डब्यांची पिशवी उचलली आणि ती गेलेली कंबर घेऊन ते धावत सुटले.

वर काय झालं ते मी संध्याकाळी खिडकीतून ऐकलं. रंगराव सुशीलाबाईंना सांगत होते. आप्पासाहेब खुर्चीत कलंडले होते. सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. भाकरी चावायची शुद्ध नव्हती. घरात साखरेचा दाणा नाही. मग रंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा डबा उघडला. खालच्या मजल्यावरच्या सलिल नावाच्या विद्यार्थ्याचा. त्यातला आमरस थोडा थोडा करून त्यांना पाजला आणि शेजारच्या नम्रताताईंना हाक मारून डॉक्टरांना बोलावलं.

“त्या गुंगीत बडबडत होते गं,” रंगराव म्हणाले. “‘खांबाला घासली, खांबाला घासली, कुणाला सांगू नका,’ असं सारखं चाललं होतं. आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले, सांगू? ‘तुम्हाला आत कोणी सोडलं?’”

रंगराव खळखळून हसले. सुशीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

“उद्या मी येते तुमच्याबरोबर,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या हॅंडलला धरून चालत आल्या. गेटपाशी घंटी त्यांनीच वाजवली. आप्पासाहेब सकाळीच नवी पद्धत बंद करून, पाटी उतरवून बसले होते. बरीच मंडळी खाली जमली होती. कालपासून सगळ्यांना रंगराव एकदम थोर वाटायला लागले होते.

“या, या सुशीलाबाई,” आप्पासाहेब म्हणाले. “सायकल आत आणा. अगदी लिफ्टपाशी लावा. आता काही हरकत नाही.”

“सायकल आत येईल,” सुशीलाबाई म्हणाल्या. “सगळ्यांचे डबेही वर जातील. तुमचा तेवढा इथे गेटवर मिळेल. घंटी वाजली की खाली यायचं, डबा हातात घ्यायचा, मग वर जाऊन सुई. तब्येतीला तेच बरं.”

“अहो, मी चेअरमन...”

सुशीलाबाई दोन पावलं पुढे झाल्या. मी त्यांच्या हातात होते, म्हणून मलाही ऐकू आलं. हळूच म्हणाल्या, “ह्यांनी तुमच्यापुढे हात जोडले ते सगळ्या सोसायटीने पाहिलं. खांबाचं मी कुणाला सांगत नाही. तुम्ही ज्या दिवशी खाली यायचं थांबाल, त्या दिवशी सांगेन. काल आजारी होतात, म्हणून कालचा दिवस सोडला. आजपासून खाली यायचं.”

आप्पासाहेबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! गाडीसारखा पांढरा.

खराडीची नोकरी बाजूलाच राहिली. सुटलेली गिऱ्हाइकं एकेक करून परत आली. माझ्या चाकांत रोज हवा असते आणि जब्बारमिस्त्रींनी चेनही नवी घातली. घंटी वाजते आणि चेअरमनसाहेब पायजमा सावरत, भर उन्हात, गेनबाच्या शेजारी येऊन उभे राहतात. “जाऊ दे आता, म्हातारा माणूस आहे,” असं रंगराव अधूनमधून म्हणतात. सुशीलाबाई नुसत्या डब्याचं झाकण घट्ट बसवतात.

तेव्हा मित्रांनो, आपल्या सायकलीला तेल द्या, हवा भरा, आणि जो तुमच्या दारी ऊनऊन जेवण आणतो त्याच्याशी नीट वागा. तो सोडून देईल, त्याचा स्वभावच तसा. आम्ही सोडत नाही.

सुशीलाबाईंनी शब्द दिलाय, खांबाचं त्या कुणाला सांगणार नाहीत, आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.

मी कुणाला शब्द दिलेला नाही. म्हणून तर तुम्हाला सांगितलं.