धसईचा पारा

सव्वीस पॉइंट चार. देवजीने आकडा दोनदा वाचला, चष्मा धोतराच्या टोकाला पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मगच फोनवर टाकला. मे महिना अर्धा सरलेला. एरवी या दिवसांत धसईत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी कुत्रंसुद्धा ओटीखालून हलत नाही. यंदा मात्र चार दिवस आभाळ भरून होतं, वारा सुटला होता आणि म्हातारी माणसं भर उन्हाळ्यात गोधडी शोधत होती.

हवामानाच्या ग्रुपवर लगेच गडबड उडाली. ठाणे जिल्ह्यातले साठएक हौशी लोक त्यात होते. ढग कुठून आले आणि वारा कुठे चालला यावर ते जेवण विसरून वाद घालत. त्या दिवशी मुरबाडला एकोणतीस होतं, शहापूरला तीस. मग धसईतच एवढा गारवा कसा? कोणी म्हणालं, माळशेजवरून गार वारा खाली उतरतोय. कोणी म्हणालं, ढग डोंगराला अडून तिथेच बसलेत. बदलापूरचा स्वरूप बँकेत नोकरी करून जिल्ह्याचे नकाशे रंगवायचा. त्याने धसईवर गडद निळा ठिपका दिला आणि खाली लिहिलं, ‘देवजीकाका, सगळ्यात खालचा पारा तुमचा.’

किन्हवलीचे गोजर गुरुजी तेवढे अडून बसले. ‘माझ्याकडे तीस आहे. एवढा फरक पडणार नाही. थर्मामीटर तपासून घ्या.’

देवजीला ते फार लागलं. तालुक्यातल्या एका धरणावर त्याने एकतीस वर्षं पाऊस आणि पारा मोजला होता. मेव्हण्याच्या लग्नाला गेला तेव्हा त्या दिवसाच्या रकान्यात अंदाजाने आकडा न भरता त्याने ‘गैरहजर’ लिहिलं होतं आणि साहेबांची बोलणी खाल्ली होती. पुढे धरणावर आपोआप मोजणारं यंत्र आलं. थर्मामीटर ठेवायची जुनी लाकडी पेटी अडगळीत निघाली, ती रीतसर अर्ज करून त्याने घरी आणली. चार पायांवर उभी, पांढरी, झडपांच्या भिंतींची. रोज सकाळी साडेआठला किमान आणि संध्याकाळी साडेपाचला कमाल, असं त्याचं ठरलेलं होतं. पण ग्रुपवर बाकीच्यांची महागडी यंत्रं. काचेच्या नळीतला त्याचा आकडा कोणी फारसा विचारत नसे. या चार दिवसांत मात्र सगळे साडेपाचची वाट बघायला लागले होते.

त्यात स्वरूपचा फोन आला. रविवारी कल्याणला ग्रुपचा मेळावा होता, तिथे नकाशा लावायचा होता आणि काकांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. काकूंनाही आणा, म्हणाला. देवजी निवृत्त झाला त्या दिवशी साहेब रजेवर होते. चहा पिऊन तो एकटाच एसटीने घरी आला होता. त्याच्या बायकोला, सुंदराला, ते अजून सलत होतं. तिने त्याच संध्याकाळी ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून उशीखाली घडी बसायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास स्वरूपने पेटीचा फोटो मागितला. देवजी या वेळी पेटीकडे कधी फिरकत नसे. उगीच दार उघडझाप केली की आतली हवा बिघडते, हा त्याचा नियम. पण फोटो हवा होता. तो परसात गेला, कडी काढली.

आत थर्मामीटरला अगदी खेटून दुधाचं पातेलं होतं. ओल्या पंच्यात गुंडाळलेलं. पंच्याचं पाणी खाली ठिबकत होतं.

सुंदरा मागून आली आणि तिथेच थांबली. आठवड्यापूर्वीच्या वादळात वीज कडाडली तेव्हा फ्रिज जळाला होता आणि मुरबाडचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत होता. दूध नासायचं. मांजर घरात काही टिकू देत नव्हतं. म्हणून गेले चार दिवस साडेआठचं वाचन झालं की ती पातेलं पेटीत ठेवायची आणि पाच वाजता त्याच्या चहासाठी काढायची. चहा पिऊन तो पारा वाचायला यायचा.

“तुमीच म्हनता ना, या पेटीत ऊन शिरत नाय, वारा तेवढा फिरतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “मंग दुधाला यापरीस बरी जागा कुठली?”

पंधरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला देवजीने हेच ऐकवलं होतं. ऐकणारं एकच माणूस निघालं. त्याला तिचा राग आला, मग गोजर गुरुजींचा आला आणि शेवटी स्वतःची लाज वाटली. एकदा मनात आलं, बोलायचंच कशाला? ढग दोन दिवसांत जातील, निळा ठिपका राहील, शाल मिळेल. सुंदरा साडी नेसून पहिल्या रांगेत बसेल. पातेल्याचं कोणाला कळणार होतं?

तो ओटीवर येऊन बसला. मग एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं, ‘धसईचे गेल्या चार दिवसांचे कमाल आकडे धरू नयेत. पेटीत ओली वस्तू राहिली होती. चूक माझी. गोजर गुरुजींचं बरोबर होतं. शाल नको.’

तासाभराने नकाशा बदलला. धसईच्या जागी आता रंगच नव्हता. देवजीने वही काढली, चारही आकड्यांवर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘गैरहजर’.

“माजं नाव टाकलंत?” सुंदराने विचारलं.

“पेटी माजी हाये. तुजं नाव कशाला?”

तिने साडी उशीखालून काढली. घडी छान बसली होती. तशीच ती ट्रंकेत ठेवून तिने झाकण लावलं. देवजीने ते पाहिलं आणि मान वळवली.

पेटीतून बाहेर काढलेलं दूध नासलं होतं. पाच वाजता तिने कोरा चहा पुढे केला. तो तोंड वाकडं न करता प्यायला. तेवढ्यात फोन वाजला. गोजर गुरुजींनी लिहिलं होतं, ‘देवजीराव, आजचाही आकडा टाका. वाट बघतो.’

साडेपाचला तो परसात गेला. सुंदरा मागोमाग आली, पण पेटीपासून चार हात लांब उभी राहिली. दुपारपर्यंत थर्मामीटरला मोकळा वारा मिळाला नव्हता, त्याच्या हिशेबाने आजचा आकडाही गेला होता. ते देवजीला ठाऊक होतं. तरी त्याने पारा झटकून खाली उतरवला, उद्यासाठी. पातेल्याच्या धक्क्याने आतली आडवी पट्टी सैल झाली होती, थर्मामीटर जागेवर ठेवायला ती कोणीतरी धरायला हवी होती. त्याने मागे वळून पाहिलं.

सुंदराने पदराला हात पुसले. पुन्हा एकदा पुसले. मग दोन्ही तळवे त्याच्यासमोर उघडून धरले.

“कोरडे हायेत,” ती म्हणाली.