नुसतं दाखवते

शिरवण्याच्या मुलींच्या कबड्डी संघात भाविका म्हात्रे डाव्या कोपऱ्यात खेळायची. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हाती लागला की सुटायचा नाही. तिचा स्वतःचा उजवा घोटा मात्र दगा देऊ लागला होता. जरा वाकडा पडला की मुरगळायचा, सुजायचा. ती करकचून पट्टी बांधायची आणि पुन्हा मैदानात उतरायची. शेवटी वाशीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "लिगामेंट पार फाटलंय. ऑपरेशन आत्ता केलंत तर पुढे खेळाल."

तयारी तिच्या आईने, विमलबाईंनीच केली. त्यांनी वरच्या खोलीतला पलंग खाली आणवला, बाथरूममध्ये स्टूल ठेवलं, पाय घसरेल म्हणून पायपुसणी उचलून टाकली. भाविकाने ऑफिसात रजा टाकली आणि वॉकर धरून एका पायावर चालायची सवय केली.

ऑपरेशन चांगलं झालं. खरे हाल त्यानंतरचे. उशांवर ठेवलेला पाय, प्लास्टरच्या आत सुटणारी खाज, आणि संध्याकाळी मैदानावरून येणारे आवाज. सराव संपला की हर्षाली यायची. संघातली नवी चढाईपटू, वीसेक वर्षांची, वाऱ्यासारखी पळणारी. ती भाविकाच्या केसांना तेल लावून द्यायची आणि सरावात कोण कशी आउट झाली ते रंगवून सांगायची.

प्लास्टर निघालं, पायात घोट्याला आधार देणारा मोठा बूट आला. "बूट घालूनच चालायचं," डॉक्टर म्हणाले. "मैदानाचं नाव काढायचं नाही."

भाविका मैदानावर गेली ती फक्त बघायला. पण कोपऱ्यातल्या मुलींना पकड जमेना. हर्षाली येऊन दोघींना शिवून जायची आणि त्या नुसत्या बघत राहायच्या. भाविकाला राहवेना. तिने बूट काढला.

"नुसतं दाखवते," ती म्हणाली. "हर्षाली, चढाईला ये."

"ताई, पाय?"

"पायाचं मी बघते. हळू नको येऊस. खरी ये."

हर्षाली खरी आली. भाविकाने तिचा घोटा धरला. हर्षालीने सरावात शिकल्याप्रमाणे सगळा जोर लावून मधल्या रेषेकडे झेप घेतली. त्या ओढीने भाविका फरफटली, उजवा पाय तिच्याच अंगाखाली दुमडला आणि आत काहीतरी तुटलं.

"पाय मोडलास माझा!" ती किंचाळली. "आंधळी हायस काय?"

सगळ्या मैदानाने ऐकलं.

दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर या वेळी रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. चालता येईल, जिने चढता येतील, कबड्डी विसरा, एवढंच ते म्हणाले. हर्षाली भेटायला आली तेव्हा भाविकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

"तूच बोलावलीस ना तिला?" आई नंतर म्हणाली. "मंग तिच्यावं कशाला ओरडलीस?"

पायाच्या बोटांनी नॅपकिन गोळा करायचा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, असे व्यायाम करताना तोच प्रश्न भाविकाच्या डोक्यात घुमायचा. हर्षालीने मैदान सोडल्याचं तिला उशिरा कळलं.

काठीशिवाय चालता येऊ लागल्यावर ती हर्षालीच्या घरी गेली. हर्षाली कामावर निघायच्या तयारीत होती. सीवूड्सच्या मॉलमध्ये तिला नोकरी लागली होती. तिने हसून पाणी दिलं.

"चूक माझी होती," भाविका म्हणाली. "मीच बोलावलं तुला. परत ये खेळायला."

"ते मला तेव्हापन माहीत होतं, ताई."

"मग?"

हर्षाली ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "त्यानंतर एकदा खेळायला गेलेले मी. समोरचीचा हात पायाला लागला आणि तुमचं ओरडनं आठवलं. ओढायच्या ऐवजी मी उभीच राहिले. उभी राहनारी चढाईवाली काय कामाची?"

भाविकाने खूप समजावलं. हर्षालीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि घड्याळाकडे बघितलं.

ओट्याच्या पायऱ्या उतरताना तिने भाविकाचा दंड धरला. "हळू, ताई," म्हणाली. मग रिक्षा थांबवून कामावर गेली.

भाविका गल्लीत उभी राहिली. घोटा अजिबात दुखत नव्हता. तिला आता कुठेही चालत जाता आलं असतं.