दाढीच्या मगातला पेसमेकर

मी एक जुना पेसमेकर आहे. सलूनमधल्या मोठ्या आरशाखाली कान तुटलेला एक मग आहे. त्यात दाढीचा झिजलेला ब्रश आणि एक गंजकी कात्री यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं आहे. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून तुम्हाला तिच्यावर बसवतात, गळ्याभोवती पांढरं कापड बांधतात आणि मान खाली घालायला सांगतात. मान खाली घातली की समोर मीच दिसतो. तुमच्यातल्या बहुतेकांना मी काटे नसलेलं घड्याळ वाटतो. एकाने मला पट्ट्याचं बक्कल म्हटलं होतं. मी रागावलो नाही, कारण रागावणं माझ्या स्वभावात नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. काही माणसांचं हृदय चालता चालता मध्येच ठोका द्यायचं विसरतं. अशा हृदयाला दोन तारा जोडून मी त्याचं ऐकत बसतो. ठोका वेळेवर पडला तर मी गप्प राहतो. नाही पडला तर विजेची एक बारीक टिचकी मारतो. हृदय दचकतं आणि पुन्हा कामाला लागतं. म्हणजे माझं बहुतेक आयुष्य ऐकण्यातच गेलं. खडखडाट करणाऱ्या यंत्रांना ते मिळमिळीत वाटेल, पण मला त्याची खंत नाही.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे काम करणाऱ्या बायकांचे फक्त डोळे दिसत. केस, नाक, तोंड सगळं झाकलेलं. धुळीचा कण सापडला तर देखरेख करणाऱ्या बाई सगळ्यांना फैलावर घेत. एकीने भिंगातून माझे जोड तपासले, मला उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाली, “हा बरा झालाय.” मग मला खोक्यात घातलं. एवढं कौतुक पुढे बरीच वर्षं माझ्या वाट्याला आलं नाही.

मी खोक्यात पडून होतो तेव्हा दुसऱ्या एका देशात, चपलांच्या दुकानाला लागून, एक माणूस सलून चालवत होता. गिऱ्हाइकं त्याला मौनीबाबा म्हणत, कारण सलूनवाला असूनही तो बोलत नसे. दाढी होईपर्यंत गिऱ्हाइकाने दोघांच्याही वाटचं बोलायचं, अशी तिथली पद्धतच पडली होती. मी त्याला अरेतुरे करतो म्हणून नाक मुरडू नका. ज्याच्या छातीत इतकी वर्षं काढली त्याला अहोजाहो करणं मला जमत नाही.

मौनीबाबाच्या वाटचं बोलायला एरवी त्याची मोठी बहीण असे. आई लवकर गेली आणि ताईनेच त्याला वाढवलं. शाळेत त्याचं नाव विचारलं तर ताई सांगायची. पोट कुठे दुखतंय ते डॉक्टरांना ताई सांगायची. भाऊ डावखुरा निघाला हे तिला चारचौघांत कमीपणाचं वाटे. म्हणून तिने त्याचा डावा हात पाठीमागे बांधून त्याला उजव्या हाताने लिहायला शिकवलं. तो उजव्या हाताने लिहू लागला, जेवूही लागला. वस्तरा मात्र त्याने धरला तो डाव्याच हातात. ताई सलूनमध्ये क्वचित यायची, आणि आली तरी तिकडे बघायची नाही.

एके दिवशी निवृत्त पोस्टमास्तर दाढीला बसले होते. कानाखालचा भाग चालू असताना मौनीबाबाच्या हृदयाने ठोके देणंच सोडलं. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तो कोसळला आणि पडता पडता वस्तरा पोस्टमास्तरांना चांगलाच लागला. त्यांना टाके पडले. काळजाचा ठोका चुकला, असं तुम्ही सहज म्हणता. याचा खरोखर चुकला होता. शुद्धीवर आल्यावर मौनीबाबाने फरशीवरचं रक्त पाहिलं, वस्तरा पुसून मिटला, खणात ठेवला आणि शटर ओढलं. “जरा खाली लागला असता तर?” एवढंच तो बायकोला म्हणाला.

पेसमेकर बसवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. किंमतही सांगितली. तेवढे पैसे उभे करायचे तर अख्खं दुकान गेलं असतं, आणि मग बरं होऊन करायचं काय, हा प्रश्न उरला असता. ताईने चौकशा केल्या. कोणाच्या तरी व्याह्यांनी विमानाने परदेशी जाऊन हेच काम निम्म्याहून कमी खर्चात करून आणलं होतं, तेही तिकीट आणि राहणं धरून. मग दुकानामागची खोली शेजारच्या चपलावाल्याला विकली. बायको मुलींजवळ मागे राहिली आणि बहीणभावाची स्वारी निघाली.

तिथल्या इस्पितळात आमची गाठ पडली. ताईला सगळ्याचाच संशय होता. “स्वस्तात आहे म्हणजे कोणाचा काढलेला तर बसवत नाहीत ना?” असं तिने दुभाषी मुलीला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तिच्यासमोर माझं बंद खोकं आणून ठेवावं लागलं. तिने ते कानाशी धरून हलवून पाहिलं. आमची ओळख झाली ती अशी.

ती दुभाषी मुलगी यांची भाषा पुस्तकं वाचून शिकली होती. डॉक्टरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिने तो यांना सांगितला. “आपण कोणत्या हस्ताने कार्य करता?”

माणूस ज्या हाताने काम करतो त्याच्या दुसऱ्या बाजूला मला बसवतात, म्हणजे कामाचा हात मोकळा राहतो. मौनीबाबाने तोंड उघडलं.

“उजव्या,” ताई म्हणाली. परक्या मुलखात भावाचं वैगुण्य कशाला सांगायचं, असा तिचा विचार.

“रुग्णाने सांगावे,” दुभाषी म्हणाली.

“मी सांगितलं काय नि त्याने सांगितलं काय, एकच आहे.”

टेबलावर खोक्यात मी, आणि खुर्चीवर मौनीबाबा. दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही. मला डाव्या खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत बसवण्यात आलं. आत उबदार होतं आणि आवाज पुष्कळ होता. थोड्याच वेळात त्याचं हृदय रेंगाळलं. मी टिचकी मारली आणि ते चालू लागलं. आभार वगैरे कोणी मानले नाहीत.

निघताना नर्सने नीट समजावलं. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे तारा जागच्या जागी घट्ट बसतील. तोवर हात खालच्या खाली हलता ठेवायचा, आणि नंतर पहिल्यासारखं वागायचं. ताईला सगळं कळलं. पण ताईचा एक नियम होता. डॉक्टर सांगतील त्याच्या दुप्पट पाळायचं. डॉक्टरांनी एक दिवस अंघोळ नको म्हटलं, तर ती दोन दिवस मोरीकडे फिरकू द्यायची नाही. विमानातून उतरली तीच मुळी भावाचा हात गळ्यातल्या झोळीत घट्ट बांधून.

सहाचे बारा आठवडे झाले. त्यानंतर ताई म्हणाली, “आता इतकं पाळलंय, तर घाई कशाला?” मौनीबाबाची बायको एकदा हळूच म्हणाली, “ताई, जरा सोडून बघायचा का हात?”

“तुला माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे का त्याची?”

सलूनचं शटर खालीच राहिलं. माझ्या तारा केव्हाच घट्ट झाल्या होत्या. मला बोलता आलं असतं तर मी तसं सांगितलं असतं, पण बोलण्याच्या बाबतीत मीही मौनीबाबाच्याच पंगतीतला.

तपासणीच्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी झोळी पाहिली आणि विचारलं, “हा हात कोणी बांधलाय?”

“मीच,” ताई अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरांनी झोळी सोडली. हात छातीच्या वर जाईना. खांदा पार आखडला होता. “हृदयाचं काम तिकडे चोख झालंय,” डॉक्टर म्हणाले. “खांद्याचं तुम्ही घरी केलंत.”

ताईला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं की ती आणखी काळजी घ्यायची. दुसऱ्याच दिवशी तिने ठरवून टाकलं, की जीव वाचला हेच पुष्कळ, आता पुढचं दुकानही चपलावाल्याला देऊन टाकायचं. किल्ली द्यायचा दिवसही ठरला.

डॉक्टरांनी एक व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. मौनीबाबा अर्धं शटर उघडून आत यायचा आणि हा व्यायाम आरशावर करायचा. पहिले ठसे या मगाच्या उंचीवर उमटले. बायको रोज येऊन आरसा पुसायची, पण सगळ्यात वरचा ठसा तेवढा राहू द्यायची. खांद्यात कळ उठली की त्याचं हृदय धावत सुटायचं आणि मला काही कामच उरत नसे. मी नुसता ऐकायचो. ठसे हळूहळू वर चढत होते. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

किल्ली द्यायच्या दिवशी ताई चपलावाल्याला घेऊन आली. दोघं दारात उभी असतानाच त्यांच्या मधून वाट काढत पोस्टमास्तर आत आले आणि सरळ खुर्चीत बसले. त्यांचे गाल पांढऱ्या खुंटांनी भरले होते.

“दाढी,” ते म्हणाले.

“अहो, दुकान बंद झालंय,” ताई म्हणाली. “त्याला आता ते काम जमायचं नाही.”

“मी त्याला विचारतोय.”

“मी सांगतेय ना.”

“बाई, वस्तरा मला लागला होता. तेव्हा विचारणार मी, आणि सांगणार तो. काय रे, करतोस का?”

मौनीबाबाने खण उघडला. वस्तरा काढला आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासायला घेतला, डाव्या हाताने.

“अरे, निदान उजव्या हाताने तरी...” ताई पुढे झाली.

“ताई, मी डावखुरा आहे.”

तो हे नेहमीच्याच आवाजात म्हणाला. चपलावाला उगाच छताकडे बघू लागला. “तिकडे इस्पितळातही हेच सांगायचं होतं,” मौनीबाबा म्हणाला. “मी सांगायला हवं होतं.”

ताईने दाराची चौकट धरली. “आणि पुन्हा अंधारी आली तर?”

“तर हा आहे की,” त्याने माझ्यावर बोट ठेवलं. “त्याच्यासाठीच तर एवढ्या लांब गेलो होतो आपण.”

मित्रांनो, असा भरवसा माझ्यावर याआधी कोणी टाकला नव्हता. त्याने फेस लावला. एक गाल झाला, मग दुसरा. कोपर वर उचलून तो कानाखाली आला, जिथे जुन्या टाक्यांची खूण होती, आणि नेमका तिथेच त्याच्या हृदयाने ठोका गाळला. मी ऐकलं. जरा वाट पाहिली. ठोका आला नाही. मी टिचकी मारली. वस्तरा कानाखालून हनुवटीपर्यंत गेला आणि कुठेही अडखळला नाही. मौनीबाबाला काही कळलं नाही, पोस्टमास्तरांना कळलं नाही आणि ताईला तर नाहीच नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम ते, आणि ते कोणालाच दिसलं नाही. मला अतिशय आनंद झाला. यंत्र असलो तरी हे सांगायला मी लाजत नाही.

पोस्टमास्तरांनी कानाखालून हात फिरवला. “पहिल्यासारखाच आहेस,” ते म्हणाले. “तितकाच हळू.” टॉवेल ताईने पुढे केला. ताईच्या बाबतीत हेच फार होतं. चपलावाला किल्ली न घेताच गेला.

पुढे माझी कोणाला आठवण राहिली नाही. नीट चालणाऱ्या यंत्राची कोणी चौकशी करत नाही. मौनीबाबाच्या मुली मोठ्या झाल्या, पोस्टमास्तर काठी टेकत येऊ लागले आणि माझी बॅटरी मंदावली. मग बहीणभाऊ पुन्हा त्याच इस्पितळात गेले. दुभाषी मुलीच्या केसांत आता पांढरे केस डोकावत होते, भाषा मात्र तीच होती.

“आपण कोणत्या हस्ताने कार्य करता?”

ताईने तोंड उघडलं. मी आत बसून ऐकत होतो. मग तिने तोंड मिटलं आणि भावाकडे पाहिलं.

“डाव्या,” तो म्हणाला.

खरं तर या उत्तराने आता काही फरक पडणार नव्हता. तारा जुन्याच होत्या, त्यामुळे नवा पेसमेकरही माझ्याच जागी बसला. मी टाकून दिला जाणार होतो, पण मौनीबाबाने मला मागून घेतलं. तेही त्याने स्वतःच मागितलं.

आता मी या मगात आहे. माझ्यावर कापलेले केस उडून पडतात, साबणाचे थेंबही पडतात. मला नाही पुसलंत तरी चालेल. माझी विनंती वेगळीच आहे. तुम्हाला कधी कोणाची काळजी घ्यावी लागली, तर आधी त्याचं ऐका. तो आपला आपण चालत असेल तर त्याला चालू द्या. अडला तर एक टिचकी पुरते.

आणि पुढच्या वेळी फळीवर बसाल तेव्हा लक्ष ठेवा. मौनीबाबा डाव्या हातात कंगवा धरून विचारेल, “भांग कुठल्या बाजूला?” मागच्या बाकावरून आई उत्तर देईल. तरी तो कंगवा तसाच धरून थांबेल. तो तुम्हाला विचारतोय. सांगा त्याला.