मऊ अस्तर

तिनं शिरस्त्राण दोन्ही हातांनी सेनापतीच्या डोक्यावर उतरवलं, कानांवरून अलगद खाली सरकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.

"आता नाही म्हणा."

सेनापतीनं मान डावी-उजवीकडे हलवली.

"हो म्हणा."

मान खाली-वर झाली.

"आता हसा."

"कशावर हसू?"

"तुमच्यावरच."

तो खरंच हसला. हसताना कपाळ वर चढतं, आणि कपाळाची गादी चुकली असेल तर ती नेमकी तेव्हाच उघडी पडते. चुकली नव्हती. तिनं कडेनं एक बोट आत घालून पाहिलं. एक बोट जावं, दोन जाऊ नयेत, हा तिचा हिशेब. एरवी शाळेत भूगोल शिकवणारा हा माणूस नाटकात गेली चार वर्षं सेनापती होता, आणि चारही वर्षं त्याच्या डोक्याची जबाबदारी तिच्याकडे होती. नाटकवाल्यांची शिरस्त्राणं बाहेरून पितळेची दिसत. आत सगळी खरखरीत फायबर. ज्याचं त्याचं डोकं प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळायचं, वरून चिकटपट्टी फिरवायची, कात्रीनं ते टरफल सोडवायचं आणि त्यावरून स्पंजच्या गाद्या कापायच्या. कुणाचं डोकं मागे फुगीर, कुणाचं एका बाजूनं बसकं. माणूस तोंडावरून ओळखू येतो असं लोक म्हणतात. ती टाळूवरून ओळखायची.

"ताई, मागच्या बाजूला आणखी जरा मऊ करा ना. अगदी लोण्यासारखं."

"नको."

"नको काय? आजवर तुम्हीच म्हणायचात, वर काही आहे हे डोक्याला कळताच कामा नये."

"कळलेलं बरं असतं," ती म्हणाली आणि लगेच खडू शोधायला वळली.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. चार वाजता डॉक्टरबाईंकडे पोचायचं होतं. त्याआधी तिला दार लावून फक्त अर्धा तास हवा होता.

आतल्या खोलीत तिची सहा वर्षांची ठकी झोपली होती. डाव्या कानाच्या वर सात टाके. ठकीला झटके यायचे. खेळता खेळता डोळे वर जायचे आणि पोर तोडलेल्या फांदीसारखी जिथल्या तिथे कोसळायची. म्हणून दवाखान्यानं तिला एक निळं हेल्मेट दिलं होतं, आतून करड्या, टणक पट्ट्यांचं. ठकी ते घालून दिवसभर रडायची. बोचतंय, काढा. कपाळावर लाल वळ उठायचे. आणि सासूबाई रोज एकच वाक्य ऐकवायच्या, भांडी घासताना, भाजी निवडताना.

"जगाच्या डोक्यांना गाद्या करतेस. घरच्या डोक्यानं काय घोडं मारलंय?"

तिनं मनावर घेतलं. एका दुपारी पट्ट्या उसवून काढल्या आणि तिच्याकडच्या सगळ्यात चांगल्या स्पंजची गादी बसवली, वर सुती अस्तर, शिवण बाहेरच्या अंगाला. असं काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. ठकी हेल्मेट घालून आरशासमोर नाचली. सासूबाई म्हणाल्या, "आता कसं!" आणि त्या घरात तीन आठवडे कुणी रडलं नाही.

मग ठकी पायरीच्या कडेवर पडली.

नाटकातलं शिरस्त्राण डोकं नुसतं धरून ठेवतं. तिथे कुणी खरी तलवार मारत नाही. तिचा स्पंज इतका मऊ, की अंगठा दाबला तर थेट कवचाला जाऊन टेकायचा. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नसेल. पण कापताना, शिवताना, अस्तर ओढून बसवताना तिला पोरीचं कपाळ दिसत होतं, पायरी दिसत नव्हती.

टाके घालताना डॉक्टरबाई नवलानं म्हणाल्या होत्या, "हेल्मेट असून इतकं कसं लागलं? पुढच्या वेळी घेऊन या, बघते." आज ते घेऊन जायचं होतं. करड्या पट्ट्या अजून खणात होत्या. अर्ध्या तासात परत बसवल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं. बाहेरगावी कामाला असलेल्या नवऱ्यालाही ठकी पडली एवढंच कळवलं होतं.

सेनापतीनं शिरस्त्राण काढून काखेत धरलं.

"आमच्या बायकोनं हे डोकं इतकं जपलं असतं, तर दोन केस तरी राहिले असते."

"त्यांनी तुमची जीभ जपली. डोकं माझ्याकडे सोपवलं."

तो खो-खो हसला. मग तालमीच्या गोष्टी, मग पाठीचं दुखणं, मग परत तालमीच्या गोष्टी. तो गेला तेव्हा तीन वाजून गेले होते.

ती आत धावली. खण उघडला. पट्ट्या नव्हत्या.

"शोधू नकोस," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी लुगडं बदललं होतं, ठकीची वेणी घातली होती, जखमेची बाजू सांभाळून. "पिशवी भरलीय मी. फाइल, पाणी, तिचं हेल्मेट. चल, बस चुकेल."

बसमध्ये ठकी आजीच्या मांडीवर पेंगत होती. ठकीच्या आईनं शेजारून पिशवीत हात घालून हेल्मेटची आतली बाजू चाचपली. टणक. बोटांखाली टाके लागले, लांब-लांब, ओबडधोबड, उशीच्या खोळीला घालतात तसे. सासूबाईंना मोतीबिंदू होता. सुईत दोरा ओवायला त्या ठकीला बसवायच्या.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तिथं तू काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. आपलेच दात, आपलेच ओठ."

तिनं पिशवीचं तोंड आवळलं. बरंही वाटलं. या बरं वाटण्याची तिला किळस आली, पण वाटलं ते वाटलंच.

डॉक्टरबाईंनी हेल्मेट उलटं केलं. अंगठ्यानं एकेक पट्टी दाबून पाहिली, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला, मग ठकीच्या डोक्यावर ठेवून बाजूनं पाहिलं.

"आहे की व्यवस्थित," त्या म्हणाल्या. "पडली तेव्हा घातलं होतं ना?"

"घातलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"पट्टा लावलेला?"

"लावलेला."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग झटकाच जबरदस्त असणार. याच्यासकट इतकं लागतंय म्हणजे आता थांबून चालणार नाही. गोळी वाढवू या. सकाळी एक, संध्याकाळी दीड."

मागच्या खेपेला गोळी अर्ध्यानं वाढवली होती. ठकी महिनाभर झोपून होती. जागी असायची तेव्हा भिंतीकडे बघायची. एकदा चमचा हातात धरून तिनं विचारलं होतं, आई, याला काय म्हणतात? आणि सांगितलेलं दहा मिनिटांत विसरली होती.

डॉक्टरबाईंनी कागद पुढ्यात ओढला. तारीख घातली. ठकीचं नाव लिहिलं.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई डॉक्टरबाईंच्या पेनाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"झटका नेहमीसारखाच होता," ती म्हणाली.

"असं बघून नाही कळत हो."

"नाही, तसं नाही. पडली तेव्हा आत या पट्ट्या नव्हत्या."

पेन थांबलं.

"हे टाके आजचे आहेत. दोरा बघा, अजून पांढराशुभ्र आहे. पडली तेव्हा आत स्पंज होता. मी बसवलेला." ती उगाचच टेबलाची कडा चोळत होती. "मी तेच काम करते. नाटकाच्या शिरस्त्राणांचं."



"का काढल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं.

"टोचतं म्हणायची."

"टोचतं म्हणजे धरतं ते."

"हो."

डॉक्टरबाईंनी कागद फाडला, दुमडला आणि पुन्हा दुमडला. "गोळी आहे तेवढीच राहू दे. पण हे मला फाइलमध्ये लिहावं लागेल. घरी बदल केला म्हणून. कुणी केला, तेही."

"आजीनं, असं लिहा," सासूबाई एकदम म्हणाल्या. "हट्ट माझा होता. रोज टोचून बोलले मी. तिचे नुसते हात होते."

"आई, राहू द्या."

"का राहू द्या? माझं काय, मी आज आहे, उद्या नाही. तुला तिच्यासोबत सगळं आयुष्य काढायचंय. ते काय कपाळावर लिहून घेऊन हिंडणार?"

"आईनं, असंच लिहा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली.

डॉक्टरबाई आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फाइल जवळ ओढली आणि दोनच शब्द लिहिले. टेबलाच्या या बाजूनं ते वाचता येत नव्हते, आणि दोघींपैकी कुणी मान पुढे केली नाही.

"घाला तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर. पट्टा सैल लावता तुम्ही, आणखी एक घर आवळून घ्या."

ती ठकीसमोर गुडघ्यांवर बसली. हेल्मेट चढवताना टाक्यांची बाजू वाचवावी लागली. ते हाताला आपसूक जमलं. मग पट्टा. नेहमीच्या घराशी आल्यावर हात सवयीनं थांबले. तिनं श्वास घेतला आणि पुढच्या घरात आकडी बसवली. ठकीचे गाल वर चढले, डोळे बारीक झाले. पोर रडली नाही. घशातून एक हुंकार काढून तिनं आजीकडे पाहिलं. आजी मदतीला येईना, तेव्हा परत आईकडे.

"आई, मी काय केलं?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "काही नाही गं राणी. तू काहीच नाही केलंस."

ठकीचा हात पट्ट्याकडे गेला. आईनं तो वाटेतच पकडला आणि पोरीच्या हाताची ओढ थांबेपर्यंत घट्ट धरून ठेवला.