मालक भांडण इसरले

आमच्या मालकांचं आन् त्यांच्या धाकट्या भावाचं, आबारावचं, अकरा वर्षं बोलणं न्हवतं. बाहात्तरच्या दुष्काळात बांधावरच्या सामाईक हिरीत चार बादल्या पाणी उरलं हुतं, आन् पाळी आमची असताना आबाराव भावजींनी ते शेंदून न्हेलं. एवढंच. पर आमच्या मालकांनी अणदूरच्या खंडोबाफुडं बेलभंडारा उचलला, की मरंस्तोवर ह्याच्याशी बोलणार न्हाय.

मग काय इचारता! गावात दूध सोसायटी निघाली तवा मालक सचिवाला म्हणले, "माझं दूध त्याच्या कॅनमधी वतायचं न्हाय."

सचिव म्हणला, "काका, फुडं टँकरमधी सगळं एकच हुतंय."

"टँकरमधी काय बी हू दे. माझ्या डोळ्यांम्होरं हू नगं."

आता बोला! ह्याला सहकार म्हणत्यात. माणूस एकदा हट्टाला पेटला की बायकूनं डोकं तरी किती आपटायचं? म्या अकरा वर्षं आपटलं. जाऊबाईला वाटीभर चटणी द्यायची तर ती बी परड्यातनं, चोरावानी.

आन् यंदा, त्र्याऐंशीच्या संक्रांतीम्होरं, एक दिस मालक डेरीवरनं आले ते भावजींच्या खांद्यावर हात टाकून. "हरणे, आबा आलाय. च्या टाक." माझ्या हातातलं पातेलंच पडलं. भावजी दारात उभे, डोळ्याला धार लागलेली. "वैनी, दादानं हाक मारली मला," म्हणले. पाच-सा डाव तेवढंच म्हणले.

मला वाटलं, देवानं मालकांना बुद्धी दिली. चार दिसांत कळलं, दिली न्हवती, न्हेली हुती. मालक दुसऱ्याची शेळी आणून आपल्या दाव्याला बांधायले. जेवून हात धुतला की इचारायचे, "हरणे, आज जेवण न्हाय का?" मरून सात वर्षं झालेल्या सरपंचाला भेटाय निघायचे. त्या भांडणाचं तर नाव न्हाय. म्या खंडोबाला हात जोडले, म्हणलं, देवा, ह्यांनी शपथ इसरलीया, आता तू बी इसर.

कुणाला सांगितलं न्हाय म्या. भावजींना तर मुळीच न्हाय. त्या बिचाऱ्यांना वाटत हुतं, दादानं माफ केलं. माफ न्हाय केलं, नुसतं ध्यानातनं गेलंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

अशात गावात दवंडी झाली. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण येणार, साठीच्या फुडच्या माणसांच्या डोक्याची तपासणी करणार, ज्यानं त्यानं आपल्या खुशीनं यावं. 'खुशीनं' म्हणल्याबरुबर निम्मे म्हातारे रानात पळाले. आणीबाणीत बी असंच खुशीनं न्हेऊन ऑपरेशनं केली हुती ना! सत्तरीचा बब्रुवान तर दोन दिस कडब्याच्या गंजीत बसला. शेवटी त्याची बायकू वरडली, "अवो, तुमचं करून सरकारला काय मिळायचंय! या भाईर!"

भावजी मातर सगळ्यांच्या अदुगर नाव देऊन आले. एक न्हाय, दोन नावं. "दादा आन् मी जोडीनं बसणार."

म्या मनात म्हणलं, ही डॉक्टरीण मालकांना सुई टोचणार, मालकांना सगळं आठवणार, त्यात ते पाणी बी आठवणार, आन् हे घर पुन्यांदा अकरा वर्षं मुकं हुणार. म्या म्हणलं, "भावजी, नगं. काय करायची ती तपासणी?"

"आसं काय करता वैनी? कवापास्नं आमी कुठं जोडीनं गेलो न्हाय."

तपासणीच्या दिशी म्या बी त्या दोघांच्या मागनं निघाले.

शाळंत दोन टेबलं मांडली हुती. एकावर मालक, दुसऱ्यावर भावजी. डॉक्टरीण वयानं पोरगीच, पर बोलायला गोड. म्हणली, "बाबा, जबरदस्ती नाही बरं का. नको वाटलं तर मधूनच उठून जायचं." मग इचारलं, "हे साल कोणतं चालू आहे?"

"एकाहत्तर," मालक ठसक्यात म्हणले. "फुडच्या साली पाऊस बक्कळ हाय म्हणत्यात."

बाहात्तरचा पाऊस कसा झाला ते शाळंत कोणाला ठाव न्हवतं?

मग तिनं तीन नावं सांगितली, तांब्या, कुदळ, आंबा. थोड्या येळानं पुन्यांदा इचारीन म्हणली. थोड्या येळानं इचारलं. मालक छताकडं बघायले. शेजारच्या टेबलावरनं भावजी खाकरले, आन् हळूच म्हणले, "तांब्या."

"आजोबा, तुम्ही सांगायचं नाही."

"बाई, ह्यो माझा सख्खा भाऊ हाय."

"सख्खा असला तरी नाही."

"मग सांगत न्हाय. नुसता हातानं दावू का?" आन् भावजी बसल्या जागी कुदळ मारायले. मालक त्यांच्याकडं बघून म्हणले, "आबा, पाठ धरलीय का रं तुझी?"

डॉक्टरीण तोंडाला पदर लावून हसली, आन् मला बाजूच्या खोलीत न्हेलं. घरचं माणूस म्हणून मला बी सवाल हुते.

"मावशी, तुम्ही सांगितलेलं ते विसरतात का?"

"इसरायला अदुगर ऐकावं लागतंय, बाई."

"वस्तू कुठंतरी ठेवून शोधत बसतात?"

"ते कुठं शोधत्यात? मलाच शोधाय लावत्यात. लगीन झाल्यापास्नं."

"चिडचिड वाढलीय?"

"कमी झालीया. त्याचंच तर भ्या वाटायलंय. परवा मला म्हणले, हरणे, तू दमली असशील. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

तिनं लिव्हता लिव्हता हात थांबवला. मला राहावंना. म्हणलं, "बाई, खरं सांगा, ह्याला औषध हाय का?"

तिचं तोंड उतरलं. "नाही हो मावशी. अजून कुणालाच सापडलेलं नाही. म्हणून तर हा अभ्यास करतोय."

"बरं झालं गं बाई!" म्या टाळीच वाजवली.

पोरीचे डोळे पांढरे व्हायची येळ आली. मग म्या तिला सगळं सांगितलं, पाणी, बेलभंडारा, दुधाचे कॅन. म्हणलं, एवढं एक भांडण गेलं, बाकी शेळ्याबिळ्या म्या परत करीन ज्याच्या त्याला.

ती माझा हात धरून म्हणली, "मावशी, हे एवढ्यावर थांबत नाही. अलीकडचं आधी जातं. मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं. लहानपणचं जे असतं ते शेवटपर्यंत टिकतं."

म्या बोटं मोजली. ह्यांच्या पाचव्या वर्षी भावजी जलमले. मी ह्या घरात आले तवा हे चोवीस वर्षांचे हुते. म्हंजी भावजींच्या अदुगर माझा नंबर. भांडण जावं म्हणून हरखले, आन् त्याच वाटंनं मी बी जाणार हे माझ्या टकुऱ्यात आलंच न्हवतं.

"दर वर्षी याल का?" तिनं इचारलं. "किती गेलं, किती राहिलं ते लिहून ठेवायचं."

"ह्यांना त्याचा काय उपेग?"

"त्यांना नाही. पुढं कुणाला तरी होईल."

म्या अंगठा फुडं केला. म्हणलं, घ्या. मला न्हाय तर न्हाय, पर कुठल्या तरी बाईला तिचा नवरा वळखत राहील.

वाटंनं मालक फुडं चालले, आमी दोघं मागं. म्या म्हणलं, "भावजी, एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नगा. ह्यांनी तुमाला..."

"ठाव हाय, वैनी."

"काय ठाव हाय?"

"पहिल्या दिशीच कळलं. शुद्धीत असता तर दादा माझ्या बैलाशी सुदीक बोलला नसता."

"आन् तरी तुमी रोज येता?"

"मग काय करू? कशानं का हुईना, हाक तर मारली."

मला रडू आलं, आन् रडण्यापरीस राग जास्ती आला. "तुमी पाणी चोरलं, आन् तुमाला मरंस्तोवर वळखणार. म्या चव्वेचाळीस वर्षं भाकरी थापल्या, आन् मला इसरणार! हा कुठला न्याय झाला?"

मग म्या पदरानं डोळे पुसले आन् म्हणलं, "तो दिस आला की तुमी त्यांना सांगायचं. तुमचं ऐकतील ते."

"काय सांगू?"

"सांगा, दादा, ही हरणा. तुझी बायकू."

"बरं."

"आन् सांगा, सोभावानं लई गरीब हाय."

भावजी थांबले. एवढ्या दुःखात बी त्यांना हसू फुटलं. "वैनी, ते मातर माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

म्या त्यांचा हात धरला. दिराचा हात धरायची आमच्यात रीत न्हाय, पर धरला. "भावजी, सांगाल का न्हाय?"

त्यांचं हसू गेलं. "सांगीन," म्हणले.

"रोज सांगावं लागंल."

"रोज सांगीन, वैनी."