सावडीचं नाव

नूतनने कुलूप उचलून रांगेच्या खणात टाकलं, मान तिरकी करून पाहिलं आणि परत बाहेर काढलं. संगणकाच्या पडद्यावरचं कुलूप, त्याला वजन नव्हतं, पण जागा हवी होती.

"काय चाललंय गं?" दारात चुलत जाऊ मंगल आली. दारापुढच्या झाडाचा कढीपत्ता न्यायला आली होती.

"नावं ठेवतेय, मंगलताई."

"त्याचा पगार देत्यात व्हय? गावात तर बाया फुकट ठिवत्यात."

"मलाही फुकटच."

नवरा, गोकुळ, वारल्यावर नूतन लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकली. आता ती देशोदेशीच्या माणसांबरोबर एका संगणकभाषेचं काम करायची. भाषेसोबत तयार अवजारांचं भांडार येतं. त्यातली अनेक कामं एकाच वेळी चालवायची अवजारं, कुणाला 'कुलूप' म्हणत, कुणाला 'रांग', इकडेतिकडे पडली होती. ती एका छपराखाली आणायची होती. त्यातलं एक नूतनचं. ते कामं एकदम सुरू करायचं आणि शेवटचं काम संपेपर्यंत कुणालाच सोडायचं नाही. कुणीतरी सुचवलं होतं, हे 'इतर'मध्ये टाकू. ते तिला लागलं होतं. त्या सगळ्या पसाऱ्यात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. म्हणून आज संध्याकाळच्या बैठकीत ती त्याला नाव सुचवणार होती: सावड, गावातल्या बायांनी मिळून एकमेकींच्या रानात राबायची रीत.

"मंगलताई, सावडीत एखादी मधेच घरी गेली तर?"

"जाईल कशी? समद्यांची पात कडंला लागल्याबिगर बांधावर कुणी येत न्हाई."

नूतनने ते टिपून घेतलं.

"आणि एखादीला सावड फेडता आली नाही तर?"

"मग तिला बोलवत न्हाईत." मंगलचा हात कढीपत्त्यावर थांबला. "तुला बोलवत न्हाई, ते त्याच्यापायीच. तू येशील, राबशील. आमी फेडायचं कुठं? तुझं रान तर दादाभाऊकडं वाट्यानं."

"मला वाटलं, मी या मशीनपुढं बसते म्हणून."

"ते बी हायेच म्हना," मंगल म्हणाली आणि डहाळी घेऊन गेली.

संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत नाव सगळ्यांना आवडलं. ऐकायला गोड आहे, एकजण म्हणाला. दुसरीने विचारलं, म्हणजे नक्की काय?

नूतन सांगायला लागली. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. सांगता सांगता ती थांबली. कॅमेऱ्यात तिच्या मागची भिंत दिसत होती, आणि रिकामी खुर्ची.

"यात फेड नाहीये," ती म्हणाली. "माझं अवजार नुसतं सगळ्यांसाठी थांबतं. हे नाव नको."

मग त्यांनी साधं 'समूह' ठरवलं आणि त्याला कुलपांच्या नि रांगांच्या शेजारी बसवलं. 'इतर'चा खण काढूनच टाकला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि एकेक चौकट विझत गेली.

सकाळी ती आधी दादाभाऊच्या घरी जाऊन आली. मग मंगलच्या रानात गेली. कांद्याची लागण चालू होती. तिने चपला बांधावर काढल्या.

"अगं, तुला काल सांगितलं ना," मंगल वाकल्या वाकल्याच म्हणाली.

"विहिरीकडचे दोन वाफे सोडवून घेतलेत दादाभाऊकडून."

बाया हसल्या. त्यातली एक म्हणाली,

"दोन वाफ्यांना कशाला गं बाया? तू एकटी दुपारच्या आत उरकशील."

"उरकेन की," नूतन म्हणाली. ती तशीच उभी राहिली.

मंगलने कंबर सरळ केली. मग रोपांची एक जुडी तिच्या हातात दिली आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाली,

"परवा समद्या नूतनच्या रानात गं. भाकरी बांधून आना."